तिसऱ्या झटक्याचा खडा

रविवार, सकाळी साडेदहा. बालाघाट, तुझ्या घरचं अंगण. तुला जाऊन तेरा दिवस.

हजर: तुझी माय. तुझा धाकटा भाऊ विलास, भरवेलीच्या खाणीतली पाळी बदलून आलेला. बँडवाले लखनभाऊ, पांढऱ्या शर्टात. तुझ्या दुकानात मी त्यांना कायम लाल झगमगत्या डगल्यातच पाहिलं होतं. लांजीहून तुझी आत्या, बस चुकल्यामुळे उशिरा. वंदना घ्यायला वॉर्डातले बौद्धाचार्य. शेजारच्या बाया, सतरापर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं. मी, शोभा.

गैरहजर: तू. आणि तो.

मंदे, तुला ठाऊक आहे, कागदावर उतरवल्याशिवाय मला काही सुचत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळणाऱ्या बाईचं असंच होतं. विलासचा फोन आला तेव्हाही मी आधी पेन शोधलं. लांजीला निरोप, फुलं, मेणबत्त्या, पांढरं कापड, मायजवळ रात्री कोण झोपणार. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. रडायचं तेवढं राहिलं. ते अजून राहिलेलंच आहे, कारण मध्येच राग आला, आणि रागाला मी रांगेत पुढे घेतलं.

वंदना झाली. पंगत बसायच्या आधी विलास फोन घेऊन पुढे आला. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा उघडला होता.

"शोभाताई, पाहा ना, पुण्याच्या साहेबानं लिवलं दीदीबद्दल. सगळी दुनिया वाचून राह्यली."

आणि त्यानं शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. "संगणकीय ध्वनीविषयीच्या आमच्या मराठी मार्गदर्शिकेच्या आरंभकाळात बालाघाटच्या मंदाताई यांनी एक श्रोत्या म्हणून मोलाचे सहकार्य केले. त्यांना विनम्र आदरांजली."

माय भिंतीला टेकून बसली होती. "श्रोत्या म्हंजे काय रे?"

"म्हणजे तिनं ऐकलं," मी म्हणाले.

"ऐकलं. हौ. ऐकत तं होती. दिवसभर कानाले डब्बे लावूनच राहे." मायनं फोनकडे बोट केलं. "आन लिवलं कोणं?"

विलास माझ्याकडे पाहायला लागला.

"तिनं आणि मी, माय."

"मंग या माणसानं काहून तसं नाई लिवलं?"

वरणाचं पातेलं उचलायला कुणीतरी हाक मारली म्हणून मी उठले. पण मायचा प्रश्न मी कागदाच्या मागच्या बाजूला उतरवून घेतला, एक शब्द न बदलता. पंचशील म्हणून पाच मिनिटंही झाली नव्हती. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या जळत होत्या. अशा जागी सूड ठरवू नये, एवढं मला कळतं. तरी ठरवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शोभे, वरण वाढ आधी." वाढलं. मग ठरवला.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते मी त्याच्याविरुद्धच्या पत्रात लिहिलंय, पूर्ण, पदव्यांसकट. इथे तू ठेवलेलंच नाव चालवते: गुरुजी.

सुरुवात तुझ्या दुकानात झाली. काली पुतली चौकामागच्या बोळातलं तुझ्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यांच्यानंतर तू चालवलंस. मंडपाचे मिक्सर, बँडचे अॅम्प्लिफायर, विहाराचा भोंगा आणि मशिदीचाही, सगळं तुझ्या टेबलावर एकाशेजारी एक. कुणीतरी भंगारात टाकलेला कॉम्प्युटर तू उचललास, त्यावर ती फुकट प्रणाली चढवलीस. जगभरातले लोक पदरमोड करून ती बनवतात, कोणालाही देतात, आणि ती कशी वापरायची हेही आपणच लिहितात, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, "त्यांना घरी काही कामं नाहीत का?" तू मान वर न करता म्हणालीस, "हाय ना. तुह्यासारखीच."

त्या कॉम्प्युटरवर गाणं लावलं की पहिलं अक्षर गायब. तू चार दिवस त्याच्यामागे होतीस. शेवटी सापडलं: काही वाजत नसलं की वीज वाचवायला आवाजाचं कार्ड झोपी जातं, आणि गाणं सुरू झालं तरी त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात पहिलं अक्षर निघून गेलेलं असतं. तू त्याची झोपच बंद केलीस. मग हा उपाय कुठे लिहून ठेवावा म्हणून त्या लोकांच्या पानावर गेलीस आणि मला फोन केलास.

"शोभे, पाह्य. हिंदीत हाय, तमिळमधी हाय. मराठीचं पान कोरं. लिवणारे पायजेत म्हणते."

"मग?"

"मंग काय. आपण भरू."

"मला आवाजातलं काय कळतं, मंदे?"

"मले लिवनं येत नाई, तुले ऐकनं येत नाई. दोघी मिळून एक पुरी बाई होते."

तीन वर्षं झाली त्याला. शाळा सुटली की पाच ते सात मी तुझ्या दुकानात. तू हेडफोन लावायचीस, मी वही. तुझा नियम एकच होता आणि तो तू खडूनं शटरच्या आतल्या बाजूला लिहिला होतास: न ऐकता लिहायचं नाही, न ऐकता पाठवायचं नाही. एक वाक्य लिहिलं की तू ते ऐकून पाहायचीस, म्हणजे त्यात सांगितलेलं करून, आवाज बदलतो का ते कानानं तपासून. मग मी खूण करायची. एखाद्या संध्याकाळी दोन वाक्यं व्हायची. एखाद्या संध्याकाळी आदल्या दिवशीची दोन खोडली जायची. मला तेव्हा चीड यायची. आता वाटतं, तशा रीतीनं आयुष्यात दुसरं काहीच मी केलेलं नाही.

चमच्यांचं आठवतं? कॉम्प्युटर आवाज कसा साठवतो हे मला समजेना. तू नळ सुरू केलास आणि चमच्यानं पाणी भांड्यात टाकायला लागलीस. "आवाज वाहते. कॉम्प्युटर त्याले चमच्या-चमच्यानं मोजून घेते. गाण्याच्या तबकडीत एका सेकंदाले चव्वेचाळीस हजार शंभर चमचे. आता तुह्या मशीनीतलं भांडं हाय अठ्ठेचाळीस हजार चमच्यांचं. मंग मधात कोणीतरी बसून पुन्हा मोजून ओतते. थो ओतणारा आळशी असला तं सांडते. आपण सांगायचं, बाबा, जसं आलं तसंच ओत." मी ते जसंच्या तसं लिहिलं. माझ्या मते मराठीत यापेक्षा सोपं कोणी सांगितलेलं नाही, आणि माझं मत मी आता बदलणार नाही.

आणि सूप. चांगला आवाज म्हणजे काय हे वाचणाऱ्याला कळायला नमुन्याचे आवाज हवे होते. गाणी घेता येत नव्हती, ती दुसऱ्यांची. मग तू म्हणालीस, घरचे आवाज घेऊ. तुमच्या अंगणात स्टुलावर तो छोटा दोन माइकचा रेकॉर्डर ठेवला, माय चिन्नोरचा तांदूळ पाखडायला बसली, समोर पितळी परात. तिसऱ्या झटक्याला सुपातून खडा उडाला आणि परातीच्या काठावर वाजला. एवढासा, पण स्वच्छ.

"माय, खडा पडला!" तू ओरडलीस.

"तांदूळ हाय, खडा राहीनच. तुह्या सासरचा हाय का, इतकी आनंदली?"

मी म्हटलं, पुन्हा घेऊ. तू म्हणालीस, नाही, हाच ठेवायचा. ज्याच्या मशीनवर हा खडा ऐकू येत नाही, त्याच्या मशीनमध्ये काहीतरी गिळलं जातंय. आपल्या मार्गदर्शिकेतलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच झालं: "तिसऱ्या झटक्याला डाव्या कानात खडा वाजतो. वाजला नाही, तर पुढची तपासणी करा."

या लेखनाचा परवाना तुला फार आवडला होता. घ्या, बदला, वाटा. फक्त ज्यानं केलं त्याचं नाव ठेवा. "हे तं लग्नातल्या भांड्यासारखं हाय," तू म्हणालीस. "आहेराचं पातेलं. त्यात कायबी शिजवा, शेजारी द्या, पोचे पाडा. पण नाव कोरलं हाय ते घासून काढायचं नाई."

गुरुजींनी घासून काढलं.

ती प्रणाली बनवणाऱ्यांच्या समूहात मराठी पानांची तपासणी त्यांच्याकडे. आपण मजकूर दिला आणि आठ महिने तो त्यांच्याकडे पडून राहिला. मधूनमधून शेरे यायचे. मी सगळे जपून ठेवलेत, क्रमांक घालून. चौथा: भाषा ग्रामीण वाटते. नववा: 'चमचे' काढून 'नमुनाग्रहण वारंवारता' असे करावे. चौदावा: कानांवर विसंबून केलेली विधाने अशास्त्रीय आहेत. एकविसावा, फक्त तुझ्यासाठी: आपले शिक्षण कोणत्या शाखेतले? तू उत्तर दिलंस, "बाबांच्या हाताखाली." त्यावर त्यांनी एक हसरा चेहरा पाठवला. त्या हसऱ्या चेहऱ्यालाही मी क्रमांक दिलाय.

मग एका सकाळी पान उघडलं तर मार्गदर्शिका तिथे होती. प्रकरणांचा क्रम आपला, तपासण्या आपल्या, सुपाचा आवाज आपला, अंगणातल्या चिमणीसकट. चमचे गेले होते. लेखक म्हणून एकच नाव होतं.

मी तशीच दुकानात आले, शाळेला उशीर झाला तरी. तू सोल्डरिंग करत होतीस.

"पाहिलंस?"

"पाह्यलं."

"मग?"

"लोकाईचं पहिलं अक्षर वापस आलं ना? मंग झालं."

"झालं कसं? तुझं नाव कुठाय?"

"माह्यं नाव दुकानावर हाय." तू वर पाहिलंही नाहीस. "शोभे, भांडत बसली तं आणखी एक वर्ष जाते. मले बँडचे तीन अॅम्प्लिफायर आज द्यायचे हाय."

तो वाद आपण दोन महिने घातला. तुझं म्हणणं, काम पोहोचलं. माझं म्हणणं, काम पोहोचलं आणि चोरही पोहोचला. शेवटच्या दिवशी मी तुला भित्री म्हणाले. लखनभाऊंच्या समोर म्हणाले. वडिलांच्या माघारी बाजारात दुकान चालवणाऱ्या, मंडपवाल्यांच्या शिव्या ऐकून त्यांनाच दाराबाहेर काढणाऱ्या बाईला मी भित्री म्हणाले. तू फक्त एवढंच म्हणालीस, "हौ का?"

तीन आठवडे मी फिरकले नाही. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी तुझा संदेश आला: "शोभे, दुकानात ये. एक सांगायचं हाय. हासशील." मी उत्तर दिलं, "गुरुजींना सांग." मंगळवारी पहाटे छातीत कळ आली म्हणून विलासनं तुला दवाखान्यात नेलं. दुपारी त्याचा फोन आला.

'गुरुजींना सांग' हे वाक्य मी सुडाच्या यादीतून वगळलेलं नाही. त्यात पहिला क्रमांक गुरुजींचा आहे, दुसरा माझा. फरक इतकाच की माझं मी पाहून घेईन. त्यांचं कोणीतरी दाखवून द्यायला हवं.

तर रविवारी पंगत उठल्यावर मी विलासकडून दुकानाची किल्ली घेतली. पुरावे गोळा करायचे होते. लखनभाऊ सोबत आले, त्यांचा अॅम्प्लिफायर तुझ्याकडे राहिला होता. शटर वर केलं. तेरा दिवसांची धूळ. खडूतला नियम तसाच. कॉम्प्युटर सुरू केला तर तू शेवटचं उघडलेलं पान समोर आलं: गुरुजींची, म्हणजे आपली मार्गदर्शिका, आणि खाली वाचकांचे प्रश्न. एकानं विचारलं होतं, "मला खडा उजव्या कानात ऐकू येतो. माझा हेडफोन बिघडला आहे का?" गुरुजींनी उत्तर दिलं होतं, "आपली जोडणी तपासून पाहावी."

तुझा संदेश आला होता त्याच सोमवारचा प्रश्न.

मला काही उमगलं नाही. तुझा हेडफोन खुंटीला होता. तोच, ज्याची वायर कुत्र्यानं तोडली होती आणि तू नवी जोडली होतीस. ज्यावर आपण तिन्ही वर्षं सगळं ऐकलं. मी लावला, सुपाचा नमुना सुरू केला. एक झटका, दोन, तीन. खडा उजव्या कानात वाजला.

पुन्हा ऐकलं. उजव्या.

लखनभाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "दीदी ने उस दिन यही खोल के रखा था. अकेली हँस रही थी. मैंने पूछा क्या हुआ, तो बोली, लखनभाऊ, तीन साल से अपने ही कान को उल्टा पढ़ा रही थी मैं."

"आणखी काय बोलली?"

"बोली, शोभा को बुलाती हूँ. ये उसकी लिस्ट में नहीं था."

मी हेडफोनचं झाकण नखानं उघडलं. आत सोल्डरचे दोन ताजे टाके चमकत होते. मंदे, तू कुत्र्यानं तोडलेली वायर जोडताना डावी-उजवी उलट लावली होतीस. तीन वर्षं आपण डावं ते उजवं आणि उजवं ते डावं ऐकत होतो, आणि "डाव्या कानात" असं लिहून मोकळ्या झालो. त्या सोमवारी वाचकाचा प्रश्न वाचल्यावर तुझ्या लक्षात आलं, आणि तू ती सरळ केलीस.

मी स्टुलावर बसले. दोन गोष्टी एकदम कळल्या.

एक: तो माणूस चोर आहे एवढंच नाही, त्यानं आवाज कधी ऐकलेलाच नाही. आठ महिने आपल्या कानांना अशास्त्रीय म्हणणाऱ्यानं एकदाही हेडफोन लावून सुपाचे तीन झटके ऐकले नाहीत. ऐकले असते तर 'डाव्या' खोडून 'उजव्या' केलं असतं आणि आपल्याकडे पुरावा उरला नसता. ही चूक जगात एकाच हेडफोनमधून निघू शकत होती आणि तो काली पुतली चौकामागच्या बोळात खुंटीला टांगलेला होता. आणि वाचकाला सांगतो काय, आपली जोडणी तपासून पाहावी. मी मोठ्यानं हसले. लखनभाऊ दचकले. तू हासशील म्हणाली होतीस ते हेच.

दोन: हा पुरावा वापरायचा तर साऱ्या समूहापुढे सांगावं लागेल की मंदा रेडिओवालीनं वायर उलटी जोडली. ज्या बाईचा टाका कधी परत आला नाही, असं अख्खा बालाघाट म्हणतो, तिची एकमेव चूक मी जाहीर करायची. तीही तू उत्तर द्यायला नसताना. गुरुजी काय लिहितील ते मला पाठ आहे: कानांवर विसंबून केलेल्या कामाचे असेच होते.

तू मला बोलावलंस ते भांडायला, की झाकायला सांगायला? तुझ्याशी पुढचा वाद याच्यावरच व्हायला हवा होता. तू म्हणाली असतीस, लिव ना बिनधास्त, माह्यं काय जाते. किंवा म्हणाली असतीस, राहू दे, बाबाचं नाव हाय दुकानावर. मला दोन्ही तुझ्याच आवाजात ऐकू येतात, आणि कोणतं खरं ते कळत नाही. त्या सोमवारी पाच वाजता मी आले असते तर कळलं असतं. याच्यासाठी मी तुझ्यावरही रागावले आहे. तीन शब्द जास्त लिहायचे होतेस. "हेडफोन उलटा होता" एवढं. हासशील म्हणे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी शाळेतून रजा घेतली आणि आपली तपासणीची यादी काढली. अडतीस तपासण्या, सगळ्या माझ्या अक्षरात. कार्डाची झोप. शंभरच्या वर चढवलेला आवाज. चार्जर लावल्यावर येणारी घुं. अडतिसांत डावं-उजवं नाही. कोणताही मेकॅनिक ज्यानं सुरुवात करतो तीच तपासणी नाही. तू ती कधी लिहायला सांगितली नाहीस, कारण तुझ्यासाठी ती श्वासासारखी होती. आणि मी विचारली नाही, कारण मला वाटलं माझी यादी पूर्ण आहे. यादी हे माझं काम होतं. भांडारात काचेचं भांडं फुटलं तर ज्यानं फोडलं त्याच्यासोबत, ज्यानं ते कडेला ठेवलं त्याचंही नाव मी लिहिते. सव्वीस वर्षं लिहीत आले आहे. इथे का लिहू नये?

म्हणून समूहाला लिहिलेल्या पत्रात असं आहे: 'डाव्या कानात' ही चूक आमची. वायर जोडताना ती झाली आणि तपासणीच्या यादीत तो मुद्दा नसल्यामुळे तीन वर्षं लक्षात आली नाही. यादी माझी. लक्षात आल्याबरोबर मंदा यांनी जोडणी दुरुस्त केली. आपल्या पानावर ही चूक अजून आहे.

तुझी चूक एका वाक्यात, तुझी दुरुस्ती दुसऱ्या. यापेक्षा कमी तुझ्यावर अन्याय झाला असता, आणि यापेक्षा जास्त त्यांना फावलं असतं. मायला मी वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "चुकली तं चुकली. माहीच पोरगी होती थे. पण त्याचं नाव काढाले लाव."

ते मी लावणार आहे. मागणी लहान आहे. त्याच पानावर, त्यांच्या नावाच्या जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत, तुझं नाव आधी, माझं नंतर. चमचे परत. आणि उजव्या कानात खडा ऐकणाऱ्या त्या वाचकाला गुरुजींनी स्वतः उत्तर द्यायचं, सगळ्यांसमोर: आपला हेडफोन ठीक आहे, मी ऐकले नव्हते. हे एक वाक्य मला त्यांच्या हातून हवंय. माफी नको. माफी मागून मोठे होतात असले लोक. त्यांनी फक्त खरं लिहावं, आणि ते पान जोवर राहील तोवर तिथे राहावं. मी वाट पाहू शकते. वाट पाहण्याची नोंद मी फार चांगली ठेवते.

बुधवारी सकाळपर्यंत यादीतली सहा कामं झाली. पत्र. शेऱ्यांच्या प्रती, क्रमांकांसह. अडतीस तपासण्यांची वही, प्रत्येक पानाचा फोटो. हेडफोनच्या टाक्यांचा फोटो. लखनभाऊंचं म्हणणं, त्यांच्या सहीनं. विलासची परवानगी.

सातवं काम मूळ रेकॉर्डिंग. गुरुजी म्हणू शकतात की सुपाचा आवाज त्यांच्याच घरचा आहे; त्यांच्याकडे आपण कापून दिलेला चाळीस सेकंदांचा तुकडा आहे. पूर्ण फाइल फक्त तुझ्या कॉम्प्युटरवर आहे. ती जोडली की त्यांना बोलायला जागा नाही, कारण तिच्या सुरुवातीला हजेरी आहे. दुकानात कॅसेटी मिसळायच्या म्हणून तुझ्या बाबांनी लावलेली सवय: रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी जागा सांगायची, मग कोण कोण आहे ते. तू सांगतेस, मला आठवतं. आमचं अंगण, बालाघाट. माय हाय. शोभा हाय, स्टुलासाठी भांडून राह्यली. आन मी.

फाइल सापडली आहे. पत्राला जोडायला एक बोट पुरे. पण शटरच्या आत तुझा नियम आहे, आणि ज्यानं न ऐकता पाठवलं त्याच्याविरुद्धच हे पत्र आहे.

आज शाळा सुटल्यावर दुकान उघडलं. पाच वाजले आहेत. हेडफोन लावला आहे, उजवा उजव्या कानाला, डावा डाव्या. कार्ड झोपू नये याची सोय तू करून ठेवलेलीच आहे, पहिलं अक्षर जाणार नाही. फाइल समोर आहे.

काम सातवं: मूळ फाइल सुरुवातीपासून ऐकणे. बाकी.